कोण कुठे

खटक्या,

तुझं पत्र पोचलं. तुरुंगातून आलेलं पत्र उघडताना माणसाचा हात थरथरावा, अशी जगाची अपेक्षा असते. तुझं उघडलं, तर पहिल्याच पानावर तिथल्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरची मेमरी किती तुटपुंजी आहे याचं रडगाणं. दुसऱ्या पानावरही तेच. तिसऱ्यावर झाल्या प्रकाराचा अहवाल, आणि तोही असा, की जणू एखादं यंत्र बिघडलं होतं: चूक अमुक जागी, कारण तमुक, परिणाम असा असा. अरे, परिणाम म्हणजे तुझ्या बहिणीचा जबडा! आणि कागद संपता संपता, अगदी कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत मला एक काम सांगितलंस. त्याचं शेवटी बघू.

इथे तुझी गोष्ट जो तो आपल्या सोयीने सांगतो. कोणी म्हणतं, कॉम्प्युटरपुढे बसून बसून डोकं फिरलं. कोणी म्हणतं, भंगारात राहून माणूसही भंगारात निघाला. एका शहाणीने तर मला गाठून विचारलं, "तो मारामारीचे गेम खेळायचा का हो?" तू सांगतोस तेही पुरतं खरं नाही, कारण त्यातून तू स्वतःलाच वगळलं आहेस. तेव्हा आता मी सांगते, तिऱ्हाइताला सांगावी तशी. त्यात मी येईन ती मावशी म्हणून, बाकीच्यांसारखीच. तू मधे बोलू नकोस.

*

शहराच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता ऑइलने काळा पडून संपतो, तिथे भंगाराचं एक मोठं यार्ड आहे. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला वजनकाटा आणि त्याला लागून मोठ्या काचेची खिडकी असलेली खोली. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, खिडकीतला माणूस आकडा बघून पावती द्यायचा, ट्रक पुढे सरकायचा. पुढे क्रेनचा पंजा होता आणि पंज्याच्या पुढे प्रेस. घारीने कोंबडीचं पिल्लू उचलावं तसा पंजा मोडकी गाडी उचलायचा आणि प्रेसच्या पेटीत सोडायचा. मग पोलादी झाकण खाली यायचं. आधी काचा फुटायच्या, मग पत्रा किंचाळायचा आणि शेवटी एक बसका, ओला आवाज यायचा, कारण कुठल्याही गाडीत तेल नाहीतर पाणी थोडंफार उरलेलंच असतं. बाहेर पडायचा तो स्टुलाएवढा ठोकळा. खिडकीतला माणूस हा आवाज दिवसभर ऐकायचा आणि त्यातच डबा खायचा. तो खटक्या.

आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. यार्डात कॉम्प्युटरही यायचे, पोती भरभरून. प्रेसचा ऑपरेटर, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो ती पोती पेटीत ओतण्याआधी शीळ घालायचा. मग खटक्या धावत जाऊन ढिगाऱ्यात हात घालायचा आणि जे जगेल असं वाटे ते उचलून आणायचा. अशाच एका पोत्यात त्याला तो कीबोर्ड मिळाला. खाली पोलादाची जाड पट्टी, प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग, आणि वजन असं की पायावर पडला तर बोटं जावीत. एक बटण दाबलं की शेजारच्या घरात ऐकू जाई. ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, पहिल्याच दिवशी कानावर उशी दाबून त्याला हे नाव दिलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत वडिलांची खाट. मागच्या खोलीत फळ्यांवर सगळी यंत्रं: पडदा फुटलेला एक लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून अखंड चालत असे, त्याच्यावर दुसऱ्याच कशाचा तरी पंखा तारेने बांधलेला. मावशी एकदा खोलीत डोकावली आणि म्हणाली, "हे घर आहे की अपघात विभाग? जो तो टाके घातलेला!"

खटक्याला ते विशेषण आवडलं. मेलेलं उठवायचं आणि उठवलेलं वाटून टाकायचं, एवढा एकच त्याचा नाद होता. पहाटे उठून तो प्रोग्राम लिहायचा आणि जसाच्या तसा, आतल्या शिवणीसकट, इंटरनेटवर ठेवून द्यायचा. ओपन सोर्स. कोणीही घ्यावा, उसवावा, पुन्हा शिवावा. त्याचा 'बोलका' नावाचा प्रोग्राम होता. आपण टाइप केलेलं तो मोठ्याने वाचून दाखवायचा, आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आणखीही चारदोन होते. प्रत्येकाच्या माथ्यावर त्याने एकच ओळ लिहिलेली असे: 'घ्या, वापरा, बदला, वाटा. कुठल्याही कामासाठी. कुठल्याही हमीशिवाय.' अशी ओळ सगळेच लिहितात, म्हणून त्यानेही लिहिली. आपण काय लिहितोय याचा विचार अशा वेळी कोण करतं?

वापरणारे लोक दूरदूरून तक्रारी पाठवत. खटक्या त्यांना गाऱ्हाणी म्हणायचा. एकही गाऱ्हाणं मिटवल्याशिवाय बंद करायचं नाही, हा त्याचा नेम. घरातला नळ महिनोन् महिने ठिबकत राहिला तरी चालेल, पण कुठल्या टोकाचा कोण अनोळखी माणूस 'चालत नाही हो' म्हणाला, की हा गडी भुकेल्या पोटी बसून ते चालवून देणार.

मग वडिलांचं डोकं उतरणीला लागलं. विसरायचे, उठायचे, चालू पडायचे. एके दुपारी ते एका परक्या घरात शिरले आणि "हे माझं घर आहे, तुम्ही कोण?" असं त्या माणसांवरच खेकसले. त्या घरातले दोघे भाऊ तापट. चोर समजून त्यांनी म्हाताऱ्याला लोखंडी सळईने झोडपलं. कपाळ फुटलं, डाव्या हाताची बोटं वाकडी झाली ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. पायरीवर रक्ताचं थारोळं, आणि त्यात बसून वडील म्हणत होते, "आईला सांगा, मला घ्यायला ये."

दवाखान्यातून परत आल्यावर खटक्याने 'कोण कुठे' लिहायला घेतला. वडिलांच्या फोनने घरातल्या यंत्राला आपला ठावठिकाणा कळवायचा, एवढंच. मधे कुठली कंपनी नाही, कोणाला पत्ता विकणं नाही. आणि एक गोष्ट त्याने हट्टाने घातली: फोनच्या पडद्यावर वरच्या बाजूला एक लहानसा डोळा दिसायचा. ज्याच्यावर नजर आहे त्याला ती आहे हे कळलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

वडिलांना तो डोळा सहन व्हायचा नाही. "कोण बघतंय रे माझ्याकडे?" म्हणत ते फोन भिंतीवर आपटायचे. एकदा तर त्यांनी तो थेट खटक्याच्या तोंडावर भिरकावला. भुवई फाटली, टाके पडले. ताई म्हणाली, "काढून टाक ना तो डोळा. जीव जाईल कोणाचा तरी."

"नाही," खटक्या म्हणाला. "मग ती पाळत झाली."

रक्ताने भिजलेला रुमाल भुवईवर धरून त्याने हे सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा. वडील पुढे खाटेवर, आपल्या माणसांत गेले. 'कोण कुठे' मागे राहिला आणि पसरला. कुठून कुठून लोक लिहायचे: आई सापडली, आजोबा सापडले. खटक्या ते वाचून दाखवायचा आणि मावशी म्हणायची, "छान. आता तो नळ बघ."

ताईचा नवरा गाडी शिकवायचा. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. आपणच गाडी चालवतोय असं शिकणाऱ्याला कितीही वाटलं, तरी थांबवायची कधी हे शेजारचा ठरवतो. भाऊजींना हे काम अंगासरसं बसलं होतं. माणूस दिसायला देखणा, बोलायला साखर. सुट्टीच्या दिवशी सासरेबुवांच्या रिकाम्या खाटेवर लोळत ते मेव्हण्याची थट्टा करायचे.

"काय संगणकशास्त्री, आज कुठला मुडदा उठवला?"

जेवताना खटक्याला कोणीतरी विचारायचाच अवकाश, तो 'कोण कुठे'बद्दल सांगत सुटायचा. त्या दिवशीही सुटला. भाऊजी घास थांबवून ऐकत होते.

"आणि समजा बायकोच्या फोनवर टाकलं तर?"

"टाका की. तिला वर डोळा दिसेल."

"मग काय उपयोग!"

सगळे हसले. ताईही हसली, पण ताटाकडे बघून. मावशीचं लक्ष तिच्या बाह्यांकडे होतं. घामाने जीव नकोसा झालेला आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत.

"हात बघू तुझा," मावशी म्हणाली.

"दारात सापडला, मावशी."

"दाराला पाच बोटं होती का?"

भाऊजी मोठ्याने हसले. "मावशींना वकील करायला हवं होतं!" आणि त्यांनी ताईच्या मानेवर हात ठेवला, कौतुकाने ठेवावा तसा. तिने डोळे मिटले. खटक्या तोवर ताट सारून मागच्या खोलीत गेला होता. त्याचं एक गाऱ्हाणं तुंबलं होतं.

पुढच्याच आठवड्यात 'चिंतातुर' या टोपणनावाने एक नवं गाऱ्हाणं आलं. 'माझे वडील भ्रमिष्ट आहेत. फोनवरचा डोळा बघितला की फोन फेकतात. परवा रस्त्यावर सापडले, गुडघे फुटलेले. डोळा लपवता येईल का? आपले उपकार होतील.' खटक्याने ते वाचलं आणि त्याची बोटं आपसूक भुवईवरच्या व्रणावर गेली. त्याने आधी नाही म्हणून लिहिलं. चिंतातुराचं उत्तर आलं: 'तुमचे वडील असते तर?'

बस्स. जो हट्ट त्याने स्वतःच्या बापासाठी सोडला नव्हता, तो एका अनोळखी माणसाच्या बापासाठी सोडला. दुसऱ्या पहाटे बटणं अशी खडखडली की शेजारणीने भिंत ठोकली. डोळा लपवण्याची सोय झाली. कोडमध्ये त्याने स्वतःपुरती एक ओळ लिहून ठेवली: 'चिंतातुर यांच्या वडिलांसाठी. बाबांची आठवण.' चिंतातुराने कळवलं, 'तुम्ही एक जीव वाचवलात.' तो निरोप खटक्याने मावशीलाही वाचून दाखवला.

ताई यार्डात आली ती चालत, एका पायात चप्पल नव्हती आणि खालचा ओठ मधोमध फाटून लोंबत होता. पैलवानाने प्रेस बंद केली. त्या यार्डात दिवसा शांतता म्हणजे काय, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"गाडीच्या दारात माझं तोंड धरून दार लावलं," ती म्हणाली. "दोनदा. आणि हसत होता."

खटक्या तेच बोलला जे त्याला येत होतं. "फोन दे."

मावशीच्या मैत्रिणीची लॉन्ड्री होती. खाली धुलाईची मोठी यंत्रं, वर एक खोली. तिथे ताईला ठेवायचं ठरलं. जागा फक्त त्या तिघींना आणि खटक्याला ठाऊक. ताई औषधांच्या दुकानाच्या फोनवरच्या ऑर्डरी घ्यायची, म्हणून फोन टाकून देणं परवडणारं नव्हतं. खटक्याने तो उलटसुलट तपासला. जगातले सगळे ओळखीचे पाळतखोर प्रोग्राम शोधले. पडद्याच्या वरच्या बाजूला बघितलं, डोळा नव्हता.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "निर्धास्त राहा."

"बघ हां खटक्या. तुझ्या जिवावर आहे मी."

"ताई, या एका गोष्टीत तरी माझ्यावर विश्वास ठेव."

परक्यांच्या पोरांवर संशय घेताना आईबाप आपल्या पोराला मोजतच नाहीत. डोळा दिसला नाही म्हणजे 'कोण कुठे' नाही, असं या माणसाने धरलं. आणि डोळा दिसू नये अशी व्यवस्था त्याच माणसाने, त्याच हातांनी केली होती. दुसऱ्या कोणी फोन तपासला असता तर कदाचित सापडलं असतं.

भर दुपारी भाऊजी लॉन्ड्रीच्या जिन्याने वर गेले. बरोबरच्या शिकाऊ मुलीला गाडीत बसवून "जरा थांब, आलोच" म्हणाले होते. हातात स्टिअरिंगला लावायच्या कुलपाचा लोखंडी दांडा. खाली यंत्रं घरघरत होती, कोणाला काही ऐकू गेलं नाही. पहिला घाव ताईने हातावर झेलला, हाड कातडीबाहेर आलं. दुसरा जबड्यावर. मग त्यांनी केस धरून तिचं डोकं खिडकीच्या कठड्यावर आपटलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "कोणाला. विचारून. गेलीस?" दात फरशीवरून घरंगळत जिन्यापर्यंत आले. त्यातला एक एक पायरी उतरत खाली गेला, आणि तो बघून लॉन्ड्रीवाली वर धावली. हातात होती ती तापलेली इस्त्री तिने त्या माणसाच्या दंडावर अशी दाबली की शर्ट आणि कातडी एक झाली. गुरासारखा ओरडत तो पळाला. जाताना इस्त्रीची वायर त्याच्या पायात अडकली, तरी पळाला.

चौकीवर पोलिसांनी आधी लॉन्ड्रीवालीलाच बसवून ठेवलं. भाऊजी म्हणे शिकवणीत होते. शिकाऊ मुलीने तसं सांगितलं, खाली मान घालून. दंडावरचा डाग? गाडीचा रेडिएटर. "घरातलं भांडण आहे," फौजदार म्हणाला. "मिटवून घ्या."

"जबडा तारांनी शिवलाय," मावशी म्हणाली. "मिटलेलाच आहे. आणखी काय मिटवू?"

खटक्याने तो फोन घरी आणून आपल्या यंत्राला जोडला आणि या खेपेला वरवर न बघता आतून, ओळीओळीने उघडला. तिथे त्याचंच अक्षर होतं. अक्षर म्हणजे त्याची पद्धत, त्याची मोकळी जागा सोडायची सवय, आणि ती ओळ: 'चिंतातुर यांच्या वडिलांसाठी. बाबांची आठवण.' ताई जिथे जिथे गेली ते सगळं फोन एका दुसऱ्या यंत्राला कळवत होता, आणि त्या यंत्राला मालकाने नाव दिलं होतं 'चिंतातुर'.

तो उठला आणि भिंतीवर कपाळ आपटत राहिला. शेजारणीने नेहमीच्या सवयीने पलीकडून भिंत ठोकली.

मग त्याने 'कोण कुठे' इंटरनेटवरून काढून टाकला. अखंड चालणारा तो लॅपटॉप काखेत मारून यार्डात नेला आणि स्वतः पेटीत ठेवला. झाकण खाली आलं. पण प्रेसला त्याची एकच प्रत मिळाली. बाकीच्या प्रती लोकांनी केव्हाच घेतल्या होत्या. कुठल्याही कामासाठी, असं त्यानेच सांगितलं होतं ना? एकाने तर नवे रंग देऊन, डोळा आधीपासूनच लपवून, स्वतःच्या नावाने ठेवला होता. आणि गाऱ्हाणी! 'का काढलात? माझी आई हरवेल.' 'बेजबाबदार माणूस.' 'डोळा लपवायची सोय परत द्या, वडील फोन फेकतात.' खटक्या मावशीच्या स्वयंपाकघरात बसून ती वाचायचा. यातले किती खरंच बापासाठी आणि किती बायकोसाठी? ओळींवरून कळत नव्हतं. चिंतातुराच्या ओळीही इतक्याच गोड होत्या.

पुरावा म्हणून त्याने एक प्रत निळ्या डिस्कवर घालून चौकीवर नेली. फौजदाराने ती उलटीपालटी केली. "यात काय, फोटो आहेत का?" फोटो नव्हते. डिस्क परत आली आणि मावशीच्या फ्रिजवर पडून राहिली.

ताईला मावशीने आपल्याकडे आणलं होतं. तोंड तारांनी बंद. नळीने खायचं, आणि बोलायचं तर 'बोलक्या'तून. एका हाताने टाइप करायची आणि तो पत्र्याचा आवाज घरभर घुमायचा. पहिलं वाक्य होतं: "याच्यापेक्षा गप्प बसलेलं बरं." मावशी पोट धरून हसली आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

खटक्याने तिला सगळं सांगितलं. मग पत्र्याचा आवाज आला: "तुला माहीत नव्हतं."

"कळायला हवं होतं."

"हो."

थोड्या वेळाने: "फोन कुठे आहे माझा?"

"फेकून दिला," खटक्या म्हणाला.

फोन त्याच्या खिशात होता, चालू.

दुसऱ्या दिवशी तो कामावर निघाला तेव्हा मावशी दारातच उभी होती. त्याच्या एका काखेत डबा, आणि दुसऱ्या काखेत तो पोलादी कीबोर्ड, वायर गळ्याशी लोंबतेय. "हा कशाला?" तिने विचारलं.

"काट्याच्या खोलीतला बिघडलाय."

तो कीबोर्ड कधी घराबाहेर पडला नव्हता. पत्रातल्या अहवालात या गोष्टीचा उल्लेख नाही.

फोनवरचा ठिपका यार्डात जाऊन थांबला, आणि ताई भावाच्या खोलीत लपली आहे असं समजून भाऊजी ठिपक्यामागे आले. शिकाऊ पाटी लावलेली गाडी फाटकातून सरळ वजनकाट्यावर चढली. खटक्याने सवयीने आकडा बघितला. भाऊजी उतरले, एका हातात फोन, दुसऱ्या हातात तोच दांडा. खिडकीशी येऊन आत बघितलं. ताई नव्हती.

"कुठेय ती?"

खटक्याने तिचा फोन काचेला लावून दाखवला. "गाऱ्हाणं आलं होतं तुमचं. मिटवायला बोलावलंय."

क्षणभर भाऊजींना कळेना. मग कळलं, आणि ते हसले. "तूच तर केलंस रे सगळं, संगणकशास्त्री! मी नुसतं मागितलं." आणि दांडा फिरवला. काच फुटून खटक्याच्या तोंडावर आली. दुसरा फटका खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. भाऊजी फुटक्या खिडकीतून आत झुकले, त्याचा गळा धरायला. तेव्हा खटक्याने चांगल्या हाताने कीबोर्ड उचलला आणि त्यांच्या डोक्यात घातला.

तो पहिला घाव जीव वाचवण्यासाठी होता. पुढचे नव्हते. कोर्टानेही तेच म्हटलं आणि कोर्टाचं बरोबर होतं. भाऊजी काट्यावर कोसळले, तर हा दाराने बाहेर गेला आणि पट्टीच्या धारेने मारत राहिला. बटणं उडून डबक्यातल्या ऑइलमध्ये पडली, ताईचे दात फरशीवर पडले तशी. कानातून रक्त यायला लागलं तरी हात थांबला नाही. काट्याचा आकडा प्रत्येक घावासरशी हलत होता. मग त्याने कॉलर धरली आणि त्या माणसाला फरफटत प्रेसकडे ओढायला सुरुवात केली. एका हाताने, मोडका खांदा लोंबकळत. चाळीस ट्रकवाल्यांतला एकही पुढे आला नाही.

पैलवानाने लाल बटण दाबलं. झाकण अधांतरी थांबलं. तो खाली उतरला, खटक्याच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "सोड."

"बाजूला हो."

"सोड रे बाबा. पेटीतून पुन्हा काही उठवता येत नाही, तुला माहितीय." आणि खटक्याने सोडलं नाही म्हणून पैलवानाने त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तो जागच्या जागी आडवा झाला. बटणं गेलेला कीबोर्ड तेवढा हातात राहिला.

*

तर ही तुझी गोष्ट. कीबोर्डसकट.

आता तुझं काम. तो मेला नाही, हे तुला ठाऊकच आहे. डोक्यातलं मात्र सांडून गेलंय. विसरतो, उठतो, चालू पडतो. रस्त्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही गाडीचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसतो आणि पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतो. लोक बखोटीला धरून बाहेर काढतात. परवा एकाने तोंड फोडलं. त्याची म्हातारी आई मागे धावते, धावायचं वय आहे का तिचं? ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. "तुमच्या पोराने केलं," म्हणाली, "आता तुमच्या पोराचंच काहीतरी द्या. फोनवर तो डोळा दिसला की फेकतो हो." हे मीच तुला कळवलं आणि त्यावर तू लिहिलंस: निळ्या डिस्कवर डोळा लपवलेली प्रत आहे, मावशी, त्यांच्याकडे जा, समोर बसून चालू करून दे, सोपं आहे, जमेल तुला, फक्त त्याच्यासाठी.

मी थोरलीला, तुझ्या ताईला, वाचून दाखवलं. तारा निघाल्यात आता, पण अवघड बोलायचं असलं की ती अजून टाइपच करते. तुझा तो पत्र्याचा आवाज म्हणाला, "म्हातारी वाईट नाही." मग म्हणाला, "पण मी दे म्हणणार नाही."

काल दुपारी गल्लीच्या तोंडाशी पुन्हा आरडाओरडा झाला. म्हातारीचा आवाज ओळखू आला. मी पायांत चपला घातल्या, फ्रिजवरची डिस्क काढून पिशवीत टाकली आणि दारापर्यंत गेले. थोरली खिडकीशी बसली होती. तिने मान वळवली नाही, फक्त चांगला हात जबड्यावर नेऊन ठेवला.

डिस्क फ्रिजवर आहे. तुझं काम झालेलं नाही.